मेल्निकोव आडनावाची माणसं आणि माझी एक चूक

तुमच्या आडनावाच्या माणसांपैकी नामवंत कोण आणि नुसतीच माणसं कोण, हे ठरवण्याचा अधिकार तुम्ही कुणाला दिला आहे? आठवून बघा. दिलेला नाही ना? तरीही कुणीतरी ते रोज ठरवतं. सकाळी साडेआठला ऑफिसात येऊन, कॉफीचा मग भरून, ओला रेनकोट खुर्चीच्या पाठीवर टाकून ठरवतं. गेली सात वर्षं ते ठरवणाऱ्यांपैकी एक मी आहे.

अमेरिकेतल्या रेडमंडमधली आमची कंपनी मोठी नाही. शाळांना आणि सार्वजनिक ग्रंथालयांना आम्ही ऑनलाइन माहितीकोश पुरवतो. विद्यार्थ्याने एखादं आडनाव टाकलं की त्या आडनावाच्या नामवंतांची यादी समोर येते. प्रत्येकाला एक ओळ. नाव, जन्म, मृत्यू, काय केलं. माणसाचं आख्खं आयुष्य त्या एका ओळीत बसवायचं आणि ती ओळ योग्य माणसालाच मिळेल असं बघायचं, एवढंच आमचं काम. त्यातल्या दोन क्रिया महत्त्वाच्या: जोडणं आणि फोडणं. एकाच माणसाची चुकून दोन कार्डं झाली असतील तर ती जोडायची. दोन माणसं चुकून एका कार्डावर आली असतील तर ते फोडायचं. जोडायला एक बटण दाबावं लागतं. फोडायला वरिष्ठांची सही आणि छापील पुरावे लागतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

रशियन नावं माझ्याकडे आली ती माझ्या आगाऊपणामुळे. मी नवीन होते. एका मीटिंगमध्ये आमच्या प्रमुख डायना म्हणाल्या की रशियन नावांतलं मधलं नाव गाळून टाकू, नाहीतरी मिडल नेमला काही अर्थ नसतो. मी हात वर केला. म्हटलं, ते त्यांच्या वडिलांचं नाव असतं. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. आमच्याकडे महाराष्ट्रातही असंच लिहितात. ते गाळलंत तर माणूस ओळखायची अर्धी खूण गेली. त्या दिवसापासून मी रशियन नावांची तज्ज्ञ झाले. शेजारच्या टेबलावरचा पुण्याचा अमेय म्हणाला, "यार प्रज्ञा, नागपूरची पोरगी रशियन एक्स्पर्ट! एक वाक्य तरी बोलता येतं का?" येत नव्हतं. अक्षरं तेवढी शिकले.

मेल्निकोव ही माझी लाडकी यादी. या आडनावाचा अर्थ गिरणीवाल्याच्या घरातला. पुरुष मेल्निकोव, बाई मेल्निकोवा. कधीकाळी कुणाच्या तरी पूर्वजाने दळण दळलं आणि आज त्या नावाखाली नौदल अधिकारी आहेत, वास्तुरचनाकार आहेत, हॉकीपटू आहेत, सर्कशीतला एक विदूषकसुद्धा आहे, आणि सगळे वर्णानुक्रमे उभे आहेत. विदूषक ॲडमिरलच्या आधी येतो. हे मला फार आवडायचं. मी ज्या गावातून आले तिथे आडनाव विचारणारा माणूस किंचित पुढे झुकतो, कारण आडनावातून त्याला बाकीचं सगळं काढायचं असतं. इथे कुणाचा पूर्वज पीठ दळत होता म्हणून त्याला यादीत खाली बसवायची सोय नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. पण यादीलाही स्वतःची वेस असते, ती नंतर दिसते.

या यादीने मला माणसंही भेटवली. एका हॉकीपटूची आई दर दोन महिन्यांनी लिहायची की मुलाचं वजन तुम्ही जुनं दाखवताय, तो आता नीट जेवतो. एका गणितज्ञाच्या ओळीशेजारी आम्ही त्याच नावाच्या कुस्तीगिराचा फोटो लावला होता. आम्ही माफी मागून तो काढायला निघालो, तर गणितज्ञांचं उत्तर आलं: घाई करू नका, बायकोला आवडलाय. आणि एक गृहस्थ होते, ज्यांनी स्वतःच्या खर्चाने स्वतःवर आठ पुस्तकं छापली होती आणि आठही आम्हाला पाठवून नामवंतांत जागा मागितली होती. मी त्यांना नियम लिहून पाठवला: तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं हवं, छापलेलं हवं, आणि असं किमान दोन ठिकाणी हवं. तेव्हा तो नियम मला अगदी न्याय्य वाटला होता.

मग एका मंगळवारी फोन आला. आमच्याकडे तक्रारी ईमेलने येतात, फोन सहसा येत नाही. या आजोबांनी रिसेप्शनपासून चिकाटीने एकेकाला ओलांडत माझा नंबर गाठला होता.

"मेल्निकोव कोण बघतं?"

"मी बघते."

"माझी बहीण मेली, असं तुम्ही लिहिलंय."

"सर, ऐकून वाईट वाटलं," मी सवयीने म्हणून गेले.

"तिलाही वाटलं. ती आत्ता माझ्यासमोर बसून सूप पितेय."

त्यांचं नाव ग्रिगोरी. जवळच्या बेलव्ह्यू गावात ज्येष्ठांसाठीच्या इमारतीत ते आणि त्यांची बहीण शेजारशेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. बहीण वेरा इवानोव्ना मेल्निकोवा. मायदेशी ती वनस्पतिशास्त्राच्या एका संस्थेत दगडफुलांचा अभ्यास करायची. तीच दगडफुलं, आपल्या मसाल्यातली: झाडांच्या सालीवर, खडकांवर वाढणारी, राखाडी, कागदासारखी. अमेरिकेत आल्यावर मात्र तिने वीस वर्षं एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घातली, भरवलं. या देशात दगडफुलांबद्दल तिला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. यंदा पहिल्यांदा कुणी विचारला. जवळच्या ग्रंथालयातल्या बाईंनी तिला मुलांसाठी एक तास मागितला. तीन आठवड्यांनंतरचा शनिवार. वेराने जुने खोके उघडले, नमुने पुसले, इंग्रजीत बोलायची तालीम आरशासमोर केली. मग ग्रंथालयातल्या बाई तिची ओळख लिहायला बसल्या आणि त्यांनी आमची यादी उघडली.

आमच्या यादीत लिहिलं होतं: वेरा इवानोव्ना मेल्निकोवा, ऑपेरेटा गायिका, दगडफुलांवर एक पुस्तिकाही लिहिली. (ऑपेरेटा म्हणजे हलकंफुलकं संगीत नाटक.) पुढे जन्मसाल आणि मृत्यूचं साल. मृत्यू होऊन कित्येक वर्षं झालेली.

बाईंनी सभ्य मेल पाठवला. ओळखीबाबत थोडा गोंधळ दिसतो, तो दूर होईपर्यंत कार्यक्रम पुढे ढकलू या. वेराने मेल दोनदा वाचला, खोके बंद केले आणि भावाला म्हणाली, "मी मेलेल्या बाईचं नाव चोरलंय असं त्यांना वाटतं. मी जाणार नाही."

"शनिवार जायला नको," ग्रिगोरी फोनवर म्हणाले. "दुसरा शनिवार कधी येईल मला ठाऊक नाही. ती चौऱ्याऐंशीची आहे."

फोन ठेवून मी कार्डाचा इतिहास उघडला. आमच्याकडे प्रत्येक बदलाशेजारी करणाऱ्याची आद्याक्षरं उमटतात. तीन वर्षांपूर्वीपर्यंत दोन कार्डं होती. एक गायिकेचं, नामवंतांच्या यादीतलं. दुसरं एका ग्रंथालयाच्या सूचीतून मशीनने आपोआप तयार केलेलं, पुस्तिकेच्या लेखिकेचं. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, जन्मसालही तेच. कुणीतरी ती दोन कार्डं जोडली होती. शेजारी आद्याक्षरं: पी. एम. म्हणजे मीच.

का जोडली, तेही आठवलं. मधलं नाव जुळलं होतं. बापाचं नाव जुळलं म्हणजे माणूस एकच. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणी एवढ्या विश्वासाने हे बटण दाबलं नसतं, कारण बापाच्या नावावर इतका भरवसा ठेवायला माझ्यासारखं महाराष्ट्रात वाढावं लागतं. आणि इवान म्हणजे काय दुर्मीळ नाव? नागपूरच्या आमच्या शाळेत, एकाच वर्गात, दोन प्रज्ञा भीमराव मेश्राम होत्या. आमच्या वस्तीत घरटी एक भीमराव. सर हजेरी घेताना "पुढची प्रज्ञा, मागची प्रज्ञा" म्हणायचे. मागची प्रज्ञा मी. पुढचीचे गणिताचे मार्क एकदा माझ्या प्रगतिपुस्तकात चढले होते आणि मी ते आनंदाने ठेवून घेतले होते. या ऑफिसात ही चूक कुणी करायला नको होती, तर ती मी.

अमेयने स्क्रीन बघितली. "अगं, रीझनमध्ये 'सिस्टम इश्यू' टाक ना. कोण चेक करतंय?"

"मी करतेय."

"यार, इतकं सीरियसली घेऊ नको. एक कार्ड आहे ते."

माझे बाबा आयुष्यभर पत्रकं लिहीत आले. नळाला पाणी नाही, पत्रक. शिष्यवृत्ती अडली, पत्रक. मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर, आणि जवळजवळ प्रत्येकात एक ठळक मथळा असायचा: जबाबदार कोण? पंचवीस वर्षं मी तो प्रश्न दुसऱ्यांना विचारण्यात मोठी झाले. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: प्रज्ञा मेश्राम यांनी पुरावा न तपासता जोडलं. आणि कार्ड फोडायची विनंती घेऊन डायनाकडे गेले.

डायना वाईट बाई नाहीत, हे आधीच सांगते. त्यांनी सगळं ऐकलं, ग्रिगोरींच्या सुपावर हसल्या, आणि म्हणाल्या, "फोडू. गायिकेचे पुरावे भक्कम आहेत. दुसऱ्या वेराबद्दल काय आहे?"

"तिची पुस्तिका. बत्तीस पानं."

"ती तिने लिहिलेली आहे. तिच्याबद्दल लिहिलेली नाही. आणि बत्तीस पानांना आपण पुस्तक धरत नाही, तुला माहितीये."

"म्हणजे?"

"म्हणजे तिचं वेगळं कार्ड होईल, जिवंत म्हणून. पण नामवंतांच्या यादीत ती येणार नाही."

मी भडकले. म्हटलं, तीन वर्षं ती तुमच्या यादीत होती, मेलेली होती तेव्हा चाललं. जिवंत झाली की बाहेर? एक नाटक गायलं की नामवंत, आणि जंगलं तुडवून दगडफुलं ओळखली की नुसतं कार्ड? म्हटलं, जगातली अर्धी माणसं बत्तीस पानांतच छापली जातात, कारण तेहतिसावं पान छापायला त्यांच्याकडे काही उरत नाही. माझे बाबा तर एका पानात.

"प्रज्ञा," डायना शांतपणे म्हणाल्या, "पुस्तिका चालवून घेतली तर उद्या प्रत्येक जण स्वतःची पुस्तिका घेऊन येईल."

"येऊ दे."

"खोटं बोलणारेही येतील. ते आठ पुस्तकंवाले गृहस्थ आठवतात?"

आठवत होते. त्यांना नकार मीच लिहिला होता, आणि तो लिहिताना मला मजा आली होती.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी बेलव्ह्यूची बस पकडली. पर्समध्ये एक छोटी डबी होती. आईने नागपूरहून पाठवलेल्या सुक्या मसाल्यातली मूठभर दगडफुलं. रिकाम्या हाताने माफी मागायला जायचं नव्हतं.

दार ग्रिगोरींनी उघडलं. उंच, हाडकुळे, अंगात स्वेटरवर स्वेटर. "आत या. पण तिला वेरा म्हणू नका, वेरा इवानोव्ना म्हणा. मोठ्यांना नाव आणि वडिलांचं नाव लावून हाक मारायची. तुमचं नाव?"

"प्रज्ञा."

"वडिलांचं?"

"भीमराव."

त्यांनी ओठ हलवून बघितले. "प्रज्ञा भीमरावोव्ना," ते मला म्हणाले आणि आत वळून ओरडले, "वेरा, चहा टाक, तुझी खुनी आली!"

वेरा इवानोव्ना लहानखुऱ्या, पाठीत वाकलेल्या, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. मी उभ्यानेच सांगून टाकलं की चूक माझी आहे, कशी झाली, का झाली. दोन प्रज्ञांचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या डबीकडे होतं.

"त्यात काय आहे?"

मी डबी उघडली. त्यांनी एक तुकडा उचलला, भिंगाखाली धरला, मग नाकाजवळ नेला, आणि भुवया वर गेल्या. "हे तुम्ही कशात वापरता?"

"भाजून, वाटून. मटणात, वांग्यात."

"खाता?" त्या भावाकडे वळल्या. "ग्रिशा, हे लोक खातात! चाळीस वर्षं मी हे नुसतं बघितलं. चाखलं कधीच नाही." आणि तुकडा सरळ तोंडात टाकला. तोंड असं झालं, की मी पाणी आणायला धावले.

मग त्यांनी एक पांढरी बशी मागवली, माझी डबी तिच्यात उपडी केली आणि कामाला लागल्या. मी त्यांच्याशी बोलत होते, नियम सांगत होते, आणि त्या चिमट्याने एकेक तुकडा उचलून, उलटा करून, बाजूला ठेवत होत्या. पंधरा-वीस मिनिटांत बशीत तीन ढीग झाले.

"तुमच्या आईला दुकानदार तीन निरनिराळ्या जाती एकत्र करून विकतो," त्या म्हणाल्या. "वरून सगळ्या एकसारख्या दिसतात. तुम्ही पण वरूनच बघितलंत ना? खालची बाजू बघायची. ही काळी आहे, हिला मुळांसारखे केस आहेत. हिला नाहीत. ही तर वेगळ्याच घराण्यातली."

रागावून बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या नव्या सहकाऱ्याला शिकवावं तसं सांगत होत्या.

शेवटी मी ते सांगितलं जे सांगायला आले होते. कार्ड वेगळं करता येईल, तुम्ही त्यात जिवंत असाल, पण नामवंतांची यादी सुटेल. मला वाटलं होतं त्या दुखावतील. त्या हसल्या.

"त्या गायिकेला तिचं कार्ड परत द्या. बिचारीच्या गळ्यात माझी दगडफुलं अडकवलीत तुम्ही. मी तिचं गाणं रेडिओवर ऐकलंय, छान गायची."

"आणि तुम्हाला?"

"मला शनिवार द्या."

सोमवारी मी ग्रंथालयासाठी पत्र लिहिलं. कंपनीच्या कागदावर लिहायचं तर डायनांची सही लागते. मसुद्यात होतं, 'ही चूक प्रज्ञा मेश्राम हिने केली.' डायनांनी नाव खोडून 'आमच्याकडून झाली' केलं. मी ते पुन्हा लिहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि सही केली. शिवाय फोडण्याच्या विनंतीवर त्याच दिवशी सही केली, जिला एरवी महिना लागतो. पत्र घेऊन मी स्वतः ग्रंथालयात गेले. तिथल्या बाई इतक्या ओशाळल्या की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. त्यांनी माझ्यासमोर वेरा इवानोव्नांना फोन लावला. पलीकडून पहिल्यांदा ग्रिगोरींचा आवाज आला: "ती खोके उघडतेय. तुम्ही बोलत राहा."

कार्यक्रमाच्या शनिवारी पाऊस होता, तरी सतरा मुलं आली. त्यांत तीन-चार आपली होती. एक आई मागे बसून मुलाला कुजबुजत होती, "अरे नीट बस, आजींकडे बघ," आणि तो म्हणत होता, "Aai, I am looking." वेरा इवानोव्नांनी प्रत्येकाच्या हातात सालीचा तुकडा दिला आणि भिंग फिरवायला दिलं. त्यांचं इंग्रजी अडखळत होतं. कुणाला फरक पडला नाही. चष्मा लावलेल्या एका मुलीने विचारलं, "Is it alive?"

"हो," वेरा इवानोव्ना म्हणाल्या. "फक्त फार सावकाश."

एक तासाचा कार्यक्रम दोन तास चालला. माझ्या आईच्या डबीतले तीन ढीगही टेबलावर होते, तीन बश्यांत, लॅटिन नावांच्या चिठ्ठ्यांसह. ग्रिगोरी येईल त्याला सांगत होते की यातलं थोडं त्यांनी सुपात घालून बघितलं आणि कुणीही हा प्रयोग करू नये.

मेल्निकोवांची यादी मी आजही सांभाळते. गायिका तिच्या जागेवर आहे, एकटी, पूर्ण. वेरा इवानोव्ना यादीत नाहीत. नियम बदलावा म्हणून मी तीन अर्ज केले, तिन्ही परत आले, चौथा लिहिते आहे. पण आठ पुस्तकंवाल्या गृहस्थांना मी परवा एक पत्र पाठवलं, या वेळी माणसासारखं. आणि डायनांना विचारलं, मी आमच्या मराठी मंडळाच्या या वार्षिकांकात वेरा इवानोव्नांवर लिहिते आहे, छापून आलं की तो एक पुरावा धराल का? त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "तू आपल्याकडे काम करतेस. तुझं नाही चालणार. दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं."

म्हणजे माझं चालत नाही. तुमचं चालतं.

म्हणून वाचकहो, मागणं आहे. तुमच्या ओळखीत असं एक माणूस नक्की असेल ज्याने काहीतरी मन लावून, वर्षानुवर्षं केलं आणि ज्याच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. दाया असतील, फिटर असतील, शाहीर असतील, रात्रशाळा चालवणारे असतील. नातेवाईक नको, ओळखीचं चालेल. त्या एका माणसावर दोन पानं लिहा. पूर्ण नाव लिहा, आईचं आणि वडिलांचं दोन्ही, गाव लिहा, काम नेमकं काय ते लिहा. मंडळाच्या स्मरणिकेत, गावच्या साप्ताहिकात, जिथे जमेल तिथे छापून आणा आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयात नेऊन, पोच घेऊन द्या.

पण छापायला देण्याआधी ती दोन पानं घेऊन त्या माणसाकडे जा आणि मोठ्याने वाचून दाखवा. तुम्हीही कुठेतरी चुकलेले असाल. हे वर्ष संपायच्या आत जा, म्हणजे ती चूक सांगायला ते माणूस समोर बसलेलं असेल.